अकरा किलोंची चंचल

मित्रांनो, मूल शहराच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या अंगणवाडीत टांगलेला मी जुना वजनकाटा. गोल तबकडी, खाली आकडा, आकड्याला कापडाची झोळी. कारखान्यातून आलो तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो आणि तेवढाच गर्विष्ठही. झोळीत बसलेलं लेकरू कितीही रडो, मी खरं तेच सांगायचो.

चंचल दोन वर्षांची असताना माझ्या झोळीत बसली. साडेसात किलो. सेविका शकुबाईंनी वहीत लाल पट्ट्यात, म्हणजे फारच कमी वजनाच्या रकान्यात, खूण केली आणि तिची आई मैना रडू लागली. शकुबाईंनी तिला उकडलेला बटाटा तेल-मीठ घालून कुस्करायला शिकवलं. मागच्या अंगणातली पिकली पपईही कापून पुढे केली.

"पपई नोको बाई," मैना म्हणाली. "गरम पडते. लेकराच्या अंगावर फोडं येतीन."

शकुबाईंनी तिला तक्ता वाचून दाखवला. तेवढ्याच वजनाच्या पपईपेक्षा उकडलेल्या बटाट्यात दुप्पट ताकद असते. पण डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व पपईत असतं, बटाट्यात नसतं. मैनेनं पहिलंच वाक्य धरलं. खरं सांगतो, मीही तेच धरलं. मला वजनापलीकडे काय कळणार? पपया झाडावरच पिकल्या आणि पाखरांनी खाल्ल्या.

बटाट्यानं काम केलं. माझा काटा दर महिन्याला थोडा पुढे सरकत गेला. अंगणवाड्या तपासणाऱ्या मोठ्या मॅडम आल्या, त्यांनी चंचलचा माझ्याशेजारी फोटो काढला. मी फुगलो होतो नुसता! पुढे घरचे सगळे मिरची तोडायला तेलंगणात गेले आणि अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मिळणारा, डोळ्यांसाठीच्या जीवनसत्त्वाचा चमचाभर डोस तिचा हुकला.

परत आल्यावर चंचल पुन्हा झोळीत बसली. अकरा किलो. शकुबाईंनी टाळ्या वाजवल्या. मैना मात्र तिथंच घुटमळत राहिली.

"बाई, सांज झाली का पोरगी भिताडाले आपटते. तिले मी बी दिसत नाई."

शकुबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काटा पाय ना, मैना! हिरव्यात आली तुई पोरगी. काऊन घाबरून राह्यली?"

मी फक्त वजन सांगतो, डोळ्यांचं मला विचारू नका, असं मला ओरडायचं होतं. पण काट्याला तोंड नसतं.

पावसाळ्यात गावात गोवर आला, चंचललाही झाला. तिचा उजवा डोळा आधी कोरडा पडला, मग पांढरा झाला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी तिला दिसत नाही हे आईच्या लक्षात आलं तेव्हाच आणायला हवं होतं. डावा वाचला, उजवा गेला. शकुबाई त्या दिवशी माझ्याखाली बसून ढसाढसा रडल्या.

आता नवा काटा आलाय. मी कोपऱ्यात खिळ्याला लटकतो. मैना रोज पपईची फोड कापून आणते आणि चंचलला भरवते. बटाटाही देते. परवा चंचलनं गमतीनं एक पपई माझ्या झोळीत ठेवली आणि डाव्या डोळ्यानं आकडा बघायला सगळी मान वळवली.

मित्रांनो, मला जरूर विचारा, पण माझ्यावरच थांबू नका. लेकराच्या डोळ्यांत बघा, आई काय म्हणते ते ऐका. त्या दिवशी माझा काटा बरोबर अकरावर होता. तसूभरही चुकला नव्हता.