भावोजींनी बुडवलेली गाडी

यंत्रातलं काडीचंही न कळणारी माणसं मी कारखान्यात रोज पाहते, पण ती निदान गप्प बसतात. आमचे भावोजी बसत नाहीत.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशीनं दुरुस्त करते, अठरा वर्षं झाली. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते एका ऑफिसात या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेतात आणि त्याला ‘सगळा कारभार बघतो’ असं म्हणतात. मला चारचौघांत ‘इंजिनियर मॅडम’ अशी हाक मारतात आणि मग स्वतःच हसतात. बाकी कोणी हसत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला.

“गाडी चालूच होत नाहीये गं. माझीच चूक झाली.”

ताई घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. सकाळी साडेसहाला स्कूटर काढते आणि अकरापर्यंत बारा-पंधरा घरं उरकते. लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात, त्यामुळे उशीर चालत नाही. शनिवारी ती अर्धी घरं बसने आणि अर्धी पायी फिरली होती.

“तुझी कसली चूक?”

“शुक्रवारी पाइपने धुतली ना मी. टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं म्हणे. आत पाणी गेलं.”

“म्हणे म्हणजे? कोण म्हणालं?”

“हे म्हणाले.”

मी पान्यांचा डबा उचलला आणि निघाले.

स्कूटर जिन्याखाली मेन स्टँडवर लावलेली होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत भावोजी, मांडीवर मोबाइल आणि त्यात कुणीतरी इंजिन उघडतानाचा व्हिडिओ.

“या, इंजिनियर मॅडम. मी सगळं बघून ठेवलंय. कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम आहे. काल दिवसभर स्टार्टर मारून बघितला, बॅटरी संपेपर्यंत.”

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारणं म्हणजे बुडालेल्या माणसाला उठाबशा काढायला लावणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग आतला दांडा वाकतो आणि गाडी भंगारात जाते. मी त्यांना हे सांगितलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मी आले नव्हते.

आधी टाकीचं झाकण पाहिलं. रबर घट्ट, फट नाही. तरीही नळी काढून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली पायरीवर ठेवली. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. दहा मिनिटं झाली, रेघ दिसली नाही.

“टाकीत पाणी नाही,” मी म्हणाले.

“विरघळलं असेल,” भावोजी म्हणाले.

मी प्लग काढला, भोकावर फडकं धरलं आणि किक मारली. फडकं चिंब झालं. आणखी चार किका मारल्या तेव्हा गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या, त्यातली एक भावोजींच्या पांढऱ्या बनियनवर. मी दिलगिरी व्यक्त केली नाही. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद लगदा झाला होता आणि तळाशी चमचाभर बारीक वाळू होती. सीट काढली. सीटखालच्या पत्र्यावर चहूबाजूंनी चिखलाची सरळ रेघ होती, जणू कुणी पट्टी धरून ओढलीय.

घरच्या नळाला वाळू येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पुलाखालच्या रस्त्यावर पाण्याची मोठी लाइन फुटली होती आणि तिथे कमरेएवढं पाणी साचलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोलिसांनी दोरी बांधली होती. दोरी दिसल्यावर जी माणसं थांबतात, त्यांत आमचे भावोजी बसत नाहीत.

“भावोजी, शुक्रवारी संध्याकाळी गाडी कुणी नेली होती?”

“मीच. का?”

“कुठून आलात?”

“नेहमीच्या रस्त्याने.” त्यांनी मोबाइल वर केला. “हे बघा, हा काय म्हणतो ते ऐका आधी. कार्ब्युरेटर.”

चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात, पण मोबाइलमधल्या दुसऱ्या माणसाकडून मारायला लावलेल्या पहिल्यांदाच ऐकल्या. मी फिल्टरचा डबा आणि पेट्रोलची बाटली घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. ताई कपबशा विसळत होती. मी वाळू तिच्यासमोर धरली.

“तू काही केलेलं नाहीस. यांनी गाडी पुलाखाली बुडवली, स्टार्टर मारमारून तिचा जीव घेतला आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडलं.”

तिने नळ बंद केला. “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“शुक्रवारची पँट मीच धुतली. कमरेपर्यंत चिखल होता.”

“आणि तरी चूक तुझी म्हणून कबूल केलीस?”

“मग काय दोन दिवस भांडत बसू? भांडून गाडी सुरू होते का?” तिने हात पुसले. “मला उद्या सकाळी चौदा घरं आहेत. तू गाडी कर. बाकीचं राहू दे.”

आतापर्यंत मला एकाच माणसाचा तिटकारा येत होता. आता दोघांचा येऊ लागला. हीच ताई लहानपणी माझ्यासाठी गल्लीतल्या पोरांच्या झिंज्या उपटायची. मी तिला तेही बोलून दाखवलं. तिने चहा गाळला, बाहेर नेला आणि पहिला कप भावोजींना दिला.

मी पुन्हा गाडीशी बसले. इंजिनाखालचा बोल्ट काढला तर जुनं ऑइल बाहेर आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ऑइलचे डबे आणि फिल्टर आणले. नवीन ऑइल भरलं, सायलेन्सर उतरवून त्यातलं पाणी ओतलं, नवा फिल्टर बसवला, कार्ब्युरेटर रिकामा केला. (भावोजी म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं?”) प्लग वाळवून लावला. विसाव्या किकला इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि चालू झालं. दोन मिनिटं चालवून बंद केलं, ते ऑइलही काढलं. अजून जरा दुधाळ होतं. पुन्हा एकदा नवं भरायचं ठरवलं.

बोल्ट हाताने लावत होते आणि भावोजी ताईला सांगत होते, “तरी मी म्हणत होतो, झाकण लावताना लक्ष देत जा. पण ऐकतं कोण.”

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि मनात होतं ते सगळं बोलले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय ते सांगितलं, ऑफिसातल्या कारभाराविषयी सांगितलं, पोलिसांच्या दोरीविषयी सांगितलं. ते ऐकत राहिले. ताई पायरीवर बसून कपाच्या तळाकडे बघत होती. मग मी वळले, ऑइल भरलं, किक मारली. इंजिन एका दमात लागलं आणि सुरेख चालू राहिलं.

“खाली ऑइल गळतंय,” भावोजी म्हणाले.

“मघाचं सांडलेलं आहे ते.”

“नाही, आत्ता गळतंय. धार आहे.”

“तुम्ही मोबाइल बघा,” मी म्हणाले आणि वाकून न बघताच ॲक्सिलरेटर वाढवला.

ताईने पुढे होऊन चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मग मी खाली वाकले. गाडीखाली परातीएवढं ऑइलचं थारोळं साचलं होतं आणि बोल्ट दोन आट्यांवर लोंबत होता. पाना मी लावलाच नव्हता. आणखी थोडा वेळ इंजिन तसंच कोरडं चाललं असतं, तर पुलाखालचं पाणी जे करू शकलं नाही ते मी केलं असतं. कारखान्यात नवीन मुलीने असं केलं असतं तर मी तिला आठवडाभर मशीनला हात लावू दिला नसता.

  भावोजी उठले, आतून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला आणि माझ्या बाजूला ठेवला. मी कागद पसरले, बोल्ट पान्याने आवळला, उरलेलं ऑइल भरलं. पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटं खाली हात धरून बसले. एक थेंबही आला नाही.

ताई एक फेरी मारून आली. “छान पळतेय,” ती म्हणाली. मला बसस्टॉपवर सोडायला निघाली. वाटेत ती मान न वळवता म्हणाली, “त्यांनी सांगितलं होतं तुला. दोनदा.”

“हो.”

“तुला यंत्रातलं कळतं, बाई. पण समोर कोण बोलतंय ते ठरवल्यावर काय बोलतंय ते तू ऐकतच नाहीस.”

“आणि तू सगळंच ऐकून घेतेस.”

“घेते,” ती म्हणाली. “मला चौदा घरं असतात.”

बस आली. सोमवारी सकाळी अकराला तिचा मेसेज आला की सगळी घरं झाली.

भावोजी बरोबर होते, एवढं एक वाक्य मी त्यांच्यापाशी अजून उच्चारलेलं नाही. ते मात्र ती गोष्ट आता सगळ्या नातेवाइकांना सांगतात. त्यांच्या गोष्टीत पूल नसतो, दोरी नसते, पाणीही नसतं. गाडी आपोआप बिघडते, इंजिनियर मॅडम बोल्ट आवळायला विसरते आणि ते वेळेवर ओरडतात. परवा मामांच्या घरी सांगितली तेव्हा सगळे हसले. मी तिथेच होते. पुलाचं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मामी म्हणाल्या, “पण बोल्ट तूच विसरली होतीस ना?”

“हो,” मी म्हणाले.