जमुनेचा डोहाळा

अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसास जो भाव आला, त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु त्या दिवसांत अमरावतीच्या आवारांमध्ये सरकी काढणाऱ्या बायांस काय पाजले जात असे, हे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून ते मी सांगतो. माझे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपलीकडे गेले नाही; तथापि जे डोळ्यांनी पाहिले, त्यास अधिक विद्येची आवश्यकता नाही.

मी नत्थुजी, शालिकराम शेठजीच्या आवारात मापारी होतो, आणि माझी पत्नी जमुना तेथेच रेच्यावर बसत असे. कापसातून सरकी वेगळी करण्याचे जे लाकडी हातयंत्र, त्यास रेचा म्हणतात. त्या हंगामात बायांची टंचाई एवढी, की आज या आवारात आलेली बाई उद्या शेजारच्या आवारात दिसे. त्यांना धरून ठेवण्यास्तव शेठजीने युक्ती काढली. दिवस मावळताना दाराशी मोहाच्या दारूची घागर मांडावयाची आणि प्रत्येकीस करवंटीभर द्यावयाची. "नरड्यातला कापूस उतरते," असे तो सांगे. ज्या कुणबिणींनी जन्मात दारूस बोट लावले नव्हते, त्याही दोन महिन्यांत करवंटी पुढे करू लागल्या. जमुनाही.

आमचा पहिला मुलगा चंद्रभान त्याच वर्षी जन्मला. लहानसे डोके, बारीक डोळे, आणि दूध ओढण्याचेही त्राण नाही. बोळ्याने पाजून त्यास वाचविले. दोन वर्षांचा झाला तरी तो बसेना. आम्ही दैवास बोल लावून स्वस्थ राहिलो.

पुढे जमुनेस पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यात सकाळीच तिचे हात कापू लागले व ती मोहाची मागू लागली. माझी माय हरखली. "डोहाळा हाये तिचा! पुरवलाच पाहिजे, नाई तं पोराचे कान फुटतात." आणि एकादशीस पाणी पितानाही विचार करणारी ती माझी माय, स्वतः पदराखाली तांब्या झाकून दारू आणू लागली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरले. त्या सकाळी मी मैनाबाई सुइणीस बोलावण्यास गेलो. ती अंगणात तूर निवडीत होती.

"येतो. पन बाप्पा, बायकोले मोहाची देनं बंद कर."

"काहून?"

"काहून म्हंते! रेच्यावरच्या नऊ बायांचे बाळंतपन केले म्या. पेनारीचं लेकरू रडन्यावरून वळखतो. मांजरीच्या पिल्लावानी रडते, दूध वढत नाई. जे पेत नाई, तिचं लेकरू पाय झाडत येते. तुहा चंद्रभान कसा आला, आठव."

माझ्या अंगाची आग झाली. "हे तुले तवाच माईत होतं? मंग बोलली काहून नाई?"

"मले इचारलं कोनं? नाळ कापाले बलावता, अक्कल इचाराले नाई. अन् शेठ दरसाल लुगडं देते." तिने मान खाली घातली. "शिव्या मंग दे. आधी घरी पळ."

मी धावत घरी आलो. ती मागोमाग आली. आत बायांची गाणी चालली होती. हिरव्या लुगड्यात जमुना पाटावर बसलेली, आणि शेठजीने आहेर म्हणून पाठविलेल्या घागरीतून माय वाटी भरीत होती. त्या घागरीस झेंडूची माळ घातली होती! पुरुषाने तेथे जाऊ नये हा रिवाज मी मोडला.

"नत्थ्या, बायांत काहून घुसून राहिला? लाज विकली का?"

"माय, वाटी खाली ठेव."

"अन् पोराचे कान फुटले तं?"

"फुटू दे! फुटक्या कानाचं पोरगं तुले आजी तं मनन! हा मनते का?" मी कोपऱ्यात निजविलेल्या चंद्रभानाकडे बोट दाखविले.

"नत्थुजीभाऊच्या अंगात आलं वाटते," कोणी हसली.

"माह्या नाई आलं. मैनाबाई, सांग यायले!"

मैनाबाईने उंबऱ्यातूनच सर्व सांगितले. माय वाटी धरून तशीच उभी. जमुना त्या वाटीकडे पाहत होती.

"आत्याबाई," ती मायला म्हणाली, "हा डोहाळा लेकराचा नाई. पोटात कोनी नवतं, तवा बी सांज झाली का मले हेच लागे. तुमी डोहाळा मनलं, म्या मानलं. सोपं होतं." मग मजकडे वळून म्हणाली, "आज सांजपासून मले कोंडा. शिव्या देईन, पाया पडीन. कडी काढू नका."

आठ दिवस कडी काढली नाही. त्या दाराबाहेर माय आतल्या शिव्या ऐकत बसून राही. नवव्या दिवशी जमुनेने भाकर मागितली. मूल कसे निपजेल, हे मैनाबाईसही सांगवत नाही; सात महिने तर विषात गेलेच.

ही हकीकत कानी जाताच शेठजीने मला काढून टाकले. तेव्हापासून रोज सायंकाळी मी त्याच्या दाराबाहेर उभा राहून ओरडतो, की जिला दिवस गेले असतील तिने करवंटीस शिवू नये. लोक मला निर्लज्ज म्हणतात. घागर दाराशी मांडणारा मात्र सभ्य गृहस्थ!

काल जमुना म्हणाली, "तुमी बाप्या मानूस. बाया तुमचं आयकतीन का? उद्या मी येतो."

"घागर समोर दिसन तुले."

"दिसू द्या."