निळ्या लडी कोण पळवतंय?

मित्रांनो, थोडं लांबूनच ऐका. जवळ आलेला प्रत्येक हात मला काहीतरी टोचूनच गेला आहे, त्यामुळे माणसांवर पटकन विश्वास टाकणं मला जमत नाही. मी एक जुनी टाचण्यांची उशी आहे. जुन्या कोटाच्या बाहीचं तपकिरी कापड, आत लोकरीची कात्रणं आणि मूठभर लाकडाचा भुसा, एवढंच माझं घराणं. सिस्टरच्या आत्यानं मला शिवलं आणि म्हणाली, "लोकरीत सुया गंजत नाहीत." सुयांची काळजी सगळ्यांनाच होती. माझी कोणी विचारपूस केली नाही.

सिस्टर म्हणजे माझी मालकीण. इस्पितळात परिचारिका होती, म्हणून सगळ्यांचीच सिस्टर. तिच्या नोकरीच्या काळात मी खणात धूळ खात पडले होते. शेजारी मलमाची एक डबी असायची, दिसायला मोठी साळसूद. पण तिचं झाकण कधीच नीट बसलं नाही. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

एकदा बेकरीवालीचा हात भट्टीत भाजला. जखम भरली, पण बोटं वळेनात. तेव्हा सिस्टरनं मला बाहेर काढलं, तिच्या हातात सुई दिली आणि म्हणाली, "बोटं वळतीलच असं नाही. पण साखळी टाका घालून बघ. औषध समज." बेकरीवालीनं रडत, आम्हा सगळ्यांचा उद्धार करत रुमालभर टाके घातले. बोटं बऱ्यापैकी वळली आणि दोघींची मैत्री जमली ती कायमची. मला मात्र वाटलं, जिला आपल्याच भट्टीचा अंदाज येत नाही, तिच्यावर लक्ष ठेवलेलं बरं.

पुढं दोघींना जुन्या भरतकामाचा नाद लागला. पणजीच्या काळातले विसरलेले टाके शोधायचे आणि तसेच पुन्हा घालायचे. बेकरीच्या मागच्या खोलीत, पाव निवत ठेवलेल्या फळ्यांच्या शेजारी त्यांचं टेबल होतं. संग्रहालयात त्यांना एक जुना पलंगपोस दिसला. त्यावरचा वेल विटून करडा झाला होता. तिथल्या माणसानं कोपरा उलटून दाखवला, तर मागून तोच वेल गर्द निळा. उजेड न लागल्यामुळं रंग तसाच राहिला होता. दोघी घरी आल्या. मग सिस्टर म्हणाली, "आपण तो मागचा रंग भरायचा." तिनं स्वतः नीळ कालवून धागे रंगवले, नखं निळी करून घेतली आणि त्या लडी माझ्या शेजारी, जुन्या हिरव्या लडींच्या जवळ मांडल्या. इस्पितळ सुटल्यावर तिची वाट बघणारं ते एकच टेबल उरलं होतं, हे मला ठाऊक होतं.

अशात तिथं चष्मेवाली आली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वयानं लहान, बोलायला गोड. भरतकाम शिकायचंय म्हणाली. पण कापडापेक्षा सिस्टरच्या तोंडाकडंच जास्त बघायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि बघा, थोड्याच दिवसांत निळ्या लडी संपायला लागल्या. हिरव्याही कमी होत होत्या, पण त्या कोणी मोजत नव्हतं. सिस्टर दर वेळी लडी चाचपायची, कपाळाला आठ्या घालायची आणि भरायला बसायची.

मी डोळ्यांत तेल घालून बसले. डोळे नाहीत, पण टाचण्यांची डोकी भरपूर आहेत. आणि एका दुपारी काय दिसलं? सिस्टर यायच्या आधी बेकरीवाली हळूच आली, छोटी कात्री घेतली आणि सिस्टरनं भरलेली पानं उसवायला लागली. उसवलेले धागे तिनं ॲप्रनच्या खिशात टाकले. मग निळी लड उचलली आणि तीच पानं स्वतः पुन्हा भरली. मैत्रीण म्हणवते आणि पाठीमागं हिचं काम उसवते? जळते हो जळते, असं मी मनाशी पक्कं केलं. चष्मेवाली दारात उभी राहून हे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती, म्हणजे ती पण सामील.

शेवटी एके दिवशी सिस्टरचा संयम संपला. ती चष्मेवालीला म्हणाली, "तू आल्यापासून माझ्या लडी गायब होतायत. दुसरं कोण येतं इथं?"

चष्मेवालीचा चेहरा पडला. "मी नाही नेल्या, सिस्टर," एवढंच म्हणून ती आपली पिशवी भरायला लागली. बेकरीवालीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तिला काही बोलू नकोस," बेकरीवाली म्हणाली. "लडी मी वापरल्या. तू पानं हिरवी भरत होतीस."

"मी निळीच भरली."

"निळी समजून भरलीस."

बेकरीवालीनं खिशातून उसवलेले धागे काढून टेबलावर ठेवले. सिस्टर ते घेऊन खिडकीपाशी गेली. बराच वेळ बघून म्हणाली, "निळेच तर आहेत." मग अगदी हळू आवाजात, "नाहीयेत का?"

बेकरीवालीनं एक निळी लड त्या धाग्यांशेजारी धरली. मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू यायचीच बंद झाली असतीस. मी ओळखते तुला."

"तुझी बोटं वळतील की नाही, ते मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली आणि निघून गेली. मला टेबलावरच विसरून गेली.

त्यानंतर टेबल ओस पडलं. माझ्यावर पिठाचा थर बसला. बेकरीवाली कधीतरी यायची, मला झटकायची आणि सुईला हात न लावता परत जायची. कडेला बसून पदरानं डोळे पुसताना मी तिला पाहिलं. तरीही हे नाटक असेल, अशी शंका मला आलीच. चष्मेवाली सिस्टरच्या दारात जाऊन बोलणी खाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा बोलणी खाल्ली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, रंग फसवतात, ऑपरेशननं बरं होतं, एवढं मात्र तिनं सिस्टरला सांगून टाकलं; हे सगळं ती बेकरीवालीला सांगताना मी ऐकलं. रंग चुकताहेत हे ती पहिल्यापासून जाणून होती, पण परक्या बाईनं तोंड उघडावं का, याच विचारात अडकली होती.

आणि मग एका सकाळी सिस्टर दारात उभी राहिली. ऑपरेशन झालं होतं. तिनं भरतकामाची चौकट खिडकीशी नेली.

"एवढा निळा होता हा?" ती म्हणाली. मग चष्मेवालीकडं वळली. "तुला चोर म्हटलं मी. चुकलं माझं."

"दुकानात लोक याहून वाईट बोलतात," चष्मेवाली म्हणाली आणि सुई ओवायला लागली.

सिस्टरनं बेकरीवालीनं भरलेलं एक पान बोटानं चाचपलं. "किती वाकडं भरलंयस गं."

"उसव की मग."

सिस्टरनं कात्री उचलली, पण चालवली नाही. बेकरीवालीची खुर्ची तिनं आपल्या शेजारी ओढली. "बस इथं. यापुढं माझं काही उसवायचं झालं तर मी समोर बसलेली असताना उसवायचं. मला राग येईल, तो येऊ दे."

बेकरीवाली बसली. मग दोघी त्या एकाच पानावर वाकल्या. सिस्टर टाके कापत होती आणि बेकरीवाली धागे ओढून काढत होती.

मित्रांनो, माझा स्वभाव काही बदललेला नाही. चष्मेवालीनं परवा एक मखमली उशी आणून ठेवली आहे, तिच्यावर माझं बारीक लक्ष आहे. पण तुम्हाला एक मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि तुमच्या माणसाचे टाके चुकायला लागले, तर तो नसताना उसवत बसू नका. त्याच्या शेजारी खुर्ची ओढा आणि त्याला सांगा.