वर्ष सांगणारी चकती

मित्रांनो, काचेपलीकडून बघताय ना? माझी ही तडकलेली कड आधी बघा. मी नासपतीच्या लाकडाची एक जुनी चकती. एकात एक बसवलेली दोन वर्तुळं, बस्स. बाहेरच्या वर्तुळावर साठ वर्षांच्या फेऱ्यातल्या एकेका वर्षाचं नाव. आतल्यावर वारा, उष्मा, ओल, कोरड, थंडी. चीनमधल्या ताइहू तळ्याकाठच्या वैद्य मियाओंच्या आजोबांनी मला स्वतः कोरलं. वर्षारंभी मला फिरवलं की यंदाची हवा कशी आणि रोग कोणते ते कळतं, असं सगळे मानायचे.

माझा काय तोरा होता, सांगू! गावकरी दारात उभे राहून विचारायचे, "वैद्यबुवा, यंदा चकती काय म्हणते?" चार वर्षं ओळीने जमलं आणि मला वाटू लागलं, आभाळ माझंच ऐकतं.

मग ते वर्ष आलं. मी सांगितलं, थंडी. वैद्यांनी आलं आणि दालचिनी भरून ठेवली. वसंतात त्यांच्या सात वर्षांच्या लानशिनला ताप चढला.

"अहो, पोरीचं अंग भाजतंय, जीभ लाल झालीय," त्यांची बायको रुइयुन म्हणाली. "बाहेर बघा तरी, काय ऊन पडलंय! काहीतरी थंड द्या ना."

"तुला काय कळतंय त्यातलं? वर्ष थंडीचं आहे. चकती तसं सांगतेय."

"ताप चकतीला आलाय की पोरीला?"

वैद्यांनी तीन दिवस उष्ण काढाच पाजला. चौथ्या दिवशी लानशिन गेली. मला तोंड असतं तर ओरडले असते, अहो, मला नुसतं गणित येतं, मला खिडकीबाहेरचं दिसत नाही!

रुइयुनने मला भिरकावलं. हा तडा तेव्हाचा. वैद्यांनी मला उचलून खिडकीशेजारी टांगलं. त्यानंतर रोज सकाळी ते आधी खिडकी उघडायचे, हात बाहेर काढून हवा बघायचे आणि वहीत लिहायचे: चकती काय म्हणाली, खरं काय झालं. एकेचाळीस वर्षं. रुइयुन त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

मग शहरातून यान नावाची संशोधक आली. हवा आणि रोगांच्या या जुन्या शास्त्रावर हल्ली ढिगाने शोधनिबंध निघतात म्हणे. तिने वहीतल्या पानांचे फोटो काढले.

"आजोबा, किती छान जुळतंय!"

"आणि न जुळलेली पानं?"

"ती राहू द्या. त्यांनी गोंधळ होतो."

म्हाताऱ्याने पहिलं पान पुढे केलं. चकती: थंडी. बाहेर: ऊन. लानशिन, वय सात. "एवढं तरी ने, पोरी."

"एका नोंदीने निष्कर्ष बदलत नाही हो, आजोबा," ती हळूच म्हणाली.

त्या हिवाळ्यात वैद्य वारले. यानच्या विद्यापीठाने मला मागून नेलं. वही त्यांना नको होती. ती रुइयुनने उशाशी ठेवून घेतली.

आता त्यांच्या संग्रहालयात माझ्याखाली पाटी आहे: 'अचूक भाकितांची चकती'. मुलं टाळ्या वाजवतात. मला फार लाज वाटते. मित्रांनो, मला जपा, हवं तर फिरवून बघा. पण कुणाच्या अंगात ताप असेल, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावा आणि खिडकी उघडा. मी सांगितलं असतं इथली उघडायला, पण या खोलीला खिडकीच नाही.