सात निळ्या खड्यांचा रिपोर्ट

मंदार खांबेटेचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि याच गुणाचा त्याला दरमहा पगार मिळे. तिकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या एका कंपनीत तो टेस्टिंग लीड होता. दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर चालत नाही हे सिद्ध करायचं, तक्त्यात लाल रंग भरायचा आणि संध्याकाळी समाधानाने घरी यायचं, असा त्याचा दिनक्रम. घरीही खोड सुटत नसे. बायकोने, सावनीने, आमटी पुढे ठेवली की तो आधी चमचाभर घेऊन डोळे मिटून बसायचा. चांगली झाली असं तो कधी म्हणाला नाही. फार तर ‘दोष आढळला नाही’ म्हणायचा.

अशा माणसाच्या घरात २००६च्या जुलैत सात निळे खडे आले, आणि तेही फुकट.

ते दिले वरच्या मजल्यावरच्या कामाक्षीअक्कांनी. अक्का तंजावरकडच्या मराठी. वय पंचाहत्तर, राहायला एकट्या, आणि उभा जन्म तंजावरी चित्रं करण्यात गेलेला. सावनी वर्षभर त्यांच्याकडे ती कला शिकत होती. अक्कांचा एक डोळा कधीच गेला होता, आणि दुसऱ्याने दसऱ्यापर्यंत दिसलं तरी खूप, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून लोण्याचा गोळा हातात धरलेला बाळकृष्ण त्यांनी फळीवर रेखला, फळी सावनीच्या हवाली केली आणि वर कुंकवाच्या डबीतून हे खडे दिले.

“हे तुला गे, कण्णा. माझ्या आईचे,” त्या लाडाने म्हणाल्या. “कृष्णाच्या गळ्यात लाव. आधी खडे, मग वर्ख, मग रंग. सीक्रम कर हो. डोळा आहे तोवर एकदा पाहीन म्हणते.”

सीक्रम म्हणजे लवकर, एवढं तमिळ सावनीला येत होतं. ती खाली आली, डबी जेवणाच्या टेबलावर ठेवून डिंक भिजत घालायला गेली. परत येते तो मंदारने डबी उघडलेली.

“हे काय आहे?”

“खडे. अक्कांनी दिले, चित्रासाठी.”

“कसले?”

“निळे,” सावनी म्हणाली.

एवढ्यावर ज्याचं समाधान होईल तो टेस्टिंग लीड कसला! मंदार कॉम्प्युटरपुढे बसला. तासाभरात त्याला कळलं, की राजेरजवाड्यांच्या काळात तंजावरी चित्रांत खरी रत्नं जडवीत. अक्कांचे पणजोबा राजवाड्यात नोकरीला होते, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. नोकरी हत्तींना वैरण घालायची होती, हेही त्यांनीच सांगितलं होतं. पण ते मंदारने सोयीस्करपणे बाजूला ठेवलं.

“अगं, नीलम असले तर? फळीवर डिंकाने चिकटवणार आहेस?”

“मग अक्कांनाच विचारून येते.”

“खबरदार! विचारलंस की त्यांच्या डोक्यात किडा शिरेल. परत मागतील.”

“मंदार, त्यांना दिसेनासं होणार आहे. लाज वाटते का काही?”

“दोन दिवस दे. फक्त दोन.”

सावनीने दोन दिवस दिले. आयुष्यात काही चुका अशा दोन दिवसांच्याच असतात.

मंदारने तक्ता आखला. खडा क्रमांक, चाचणी, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल. खड्यांवर श्वास सोडून झाला. आरशावर घासून झाले. आरसा खराब झाला, खडेही किंचित. दुधात बुडवून झाले, कारण खऱ्या नीलमने दूध निळसर दिसतं म्हणे. दूध निळसर दिसलं. पण त्याच्या पिशवीवरची छपाईही निळीच होती, तेव्हा तो निकाल ‘संशयास्पद’ म्हणून नोंदला गेला. मग ऑफिसातल्या चंद्रमौळीने डोळे मोठे करून बजावलं, की नीलम हे शनीचं रत्न. लाभलं तर राजा, नाही तर वाताहत. तीन रात्री उशीखाली ठेवून आधी पाहतात.

मंदार अंधश्रद्धाळू नव्हता. तो तसं चारचौघांत ठणकावून सांगे. पण चाचणी ती चाचणी, म्हणून खडे उशीखाली गेले. पहिल्या दिवशी बॉस हसून बोलला. दुसऱ्या दिवशी ऑफिसची लिफ्ट पाऊण तास अडकली, आत मंदार. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, याचा त्याला सर्वांत जास्त राग आला.

मग अघोरी प्रयोग. खडा गॅसवर तापवून थंड पाण्यात टाकायचा. खरा असेल तर टिकतो, असं कुठल्याशा वेबसाइटवर होतं. तिसऱ्या क्रमांकाचा खडा तडकून दुभंगला. मंदारने तक्त्यात लिहिलं, ‘एक नमुना बाद’, आणि तुकडे केराच्या डब्यात तळाशी सारले. सावनीला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, तेव्हा तो उरलेले खडे घेऊन जॉर्ज टाउनमध्ये सुंदर नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला. सुंदरने डोळ्याला भिंग लावलं, अर्ध्या मिनिटात काढलं.

“ग्लास, सार. ओल्ड ग्लास. पिक्चरला लावतो ना, ते. व्हेरी नाइस.”

“तपासायचे किती?”

“ग्लासला काय घेणार, सार?”

झालं! फुकट सांगतो म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे मंदारने तिथल्या तिथे ताडलं. याला काचेच्या भावात नीलम उपटायचे असणार. आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस त्याच्याशी सरळ बोलला, आणि मंदारने त्याला चोर ठरवलं. खडे घट्ट मुठीत धरून तो बाहेर पडला आणि तडक मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पार्सल केलं. रिपोर्टला पाच आठवडे लागणार होते.

तोवर अक्का रोज जिन्याच्या कठड्यावरून हाक मारीत. “लाविलेस काय गे खडे?”

“डिंक वाळतोय, अक्का,” सावनी म्हणे. पुढे पुढे तिने वर जाणंच कमी केलं. खडे बसल्याशिवाय वर्ख नाही, वर्खाशिवाय रंग नाही. फळी भिंतीला टेकून होती आणि कृष्ण नुसत्या पेन्सिलीच्या रेघांत लोणी धरून बसला होता. सावनी मंदारशी कामापुरतं बोलू लागली. रिपोर्ट आला की ती खूश होईल, असा त्याचा हिशेब होता.

रिपोर्ट सप्टेंबरात आला. जाड कागद, उठावाचा शिक्का, लॅमिनेशन. घनता, अपवर्तनांक, रंग. खाली एक ओळ: मानवनिर्मित काच.

“फसवलं!” मंदार ओरडला.

“कोणी?” सावनीने विचारलं.

ती भांडली नाही. डबीत सहाच का, तेही तिने विचारलं नाही. तिला तेव्हाच उमगलं असावं. ऑफिसात रजा टाकून नऊ दिवस ती फळीपुढे बसली. खडूचा लगदा, खडे, वर्ख, रंग. दहाव्या दिवशी सकाळी म्हणाली, “फळी जड आहे. तू घेऊन चल.”

अक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. पायांचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली, ती दाराच्या जरा बाजूला. गणपती झाल्यापासून त्या भिंत धरून चालत होत्या. मंदारला हे माहीत नव्हतं. दोन महिने तो वर आलाच नव्हता.

“आणलेस काय? दे की.”

त्याने फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. अक्कांची बोटं वर्खावरून गेली, लोण्याच्या गोळ्यावर थांबली, गळ्याशी आली. एक, दोन, तीन. मग पोकळ खळगी. पुढे आणखी तीन.

“सहा. सातवा कोठे गेला?”

सावनी मंदारकडे पाहत होती.

“फुटला. माझ्या हातून,” मंदार म्हणाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या नावावर त्याने नोंदलेला हा पहिला दोष. “तपासताना.”

“तपासायचे काय त्यात? काच ते. मला विचारायचे की, अप्पा.” त्या रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मंदारला बरं वाटलं असतं. “असो. पोदुम, पुरे. फुटले ते फुटले.”

त्यांचं बोट त्या खळगीतच फिरत राहिलं.

“आई वारल्यावर साठ वर्षे जपिले मी. मला तर आता दिसेना. तुम्ही तर पुष्कळ तपासून पाहिलेत. मग तुम्हीच सांगा. कृष्णाच्या गळ्यात कसा दिसतो निळा?”

मंदारने तोंड उघडलं. भिंगातून, दुधातून, आगीतून, सगळीकडून त्याने ते खडे पाहिले होते. त्याला घनता आठवली, अपवर्तनांक दशांशासकट आठवला, रिपोर्टचा क्रमांकसुद्धा आठवला. रंगाच्या रकान्यात एकच शब्द होता.

“निळा,” तो म्हणाला.

अक्का मान कलती करून पुढचं ऐकायला थांबल्या.