वीस-शून्यने जिंकणारा चेंडू

मी बास्केटबॉल बोलतोय. लाथा खातो तो फुटबॉल माझा चुलतभाऊ. मला माणसं हातांत घेतात, म्हणून मी जरा मानी आहे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरी आली, पाट्या आल्या, लाल दिव्याची गाडी आली. पाऊस तेवढा यायचा राहिला. मग जिल्ह्याला शोभेल असा पगारी बास्केटबॉल संघ हवाच, असं ठरलं. संघाचे चिटणीस साहेबराव यांनी मला हार घालून मैदानावर आणलं. कप्तान होता औशाचा बसवंत. तो मला रोज स्वतःच्या पंच्याने पुसायचा, त्यामुळे माझा जीव त्याच्यावर जडला.

पहिले सहा सामने आम्ही ओळीने हरलो. सातव्याच्या आदल्या दिवशी पाहुण्या संघाने फोनवर विचारलं, "खेळून झाल्यावर आंघोळीला पाणी मिळेल ना?"

साहेबराव आधीच वैतागलेले. "प्यायला न्हाई, आंघोळीचं काय घेऊन बसलाव?" म्हणत त्यांनी फोन आपटला. पाहुणे आलेच नाहीत, आणि नियमाप्रमाणे आम्ही वीस-शून्यने जिंकलो!

साहेबरावांच्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या प्रत्येक संघाला त्यांनी आधीच पत्र धाडलं, 'इथे पाण्याचा थेंब नाही.' एरवी कागदावर सगळं आलबेल लिहिणारा हा गृहस्थ जन्मात पहिल्यांदा खरं लिहीत होता. तो पहिला धरून पाच सामने, पाच विजय. 'लातूरला सूर गवसला' असं पेपरात आलं. एका जाणकाराने आमच्या भक्कम बचावावर अर्धा रकाना लिहिला, कारण पाच सामन्यांत आमच्याविरुद्ध कुणालाच एक गुणसुद्धा करता आला नव्हता. साहेबरावांचा सत्कार झाला. मी कपाटात पडून हवा गमावत होतो. लाज वाटायची, खरंच सांगतो.

आता शेवटचा सामना उरला. तो जिंकला की पहिल्या चारांत, म्हणजे बाद फेरीत. आणि बाद फेरी गाठली की खेळाडूंचा पुढच्या वर्षीचा पगार पक्का. नेमका तेव्हाच मैदानाला आणि शेजारच्या गल्लीला रोजचा टँकर मंजूर झाला. पहिलाच टँकर साहेबरावांनी फाटकातून माघारी धाडला. "मोसम संपू द्या. पाणी आलं की पाहुणे आलेच म्हणून समजा!"

त्या संध्याकाळी बसवंत एकटाच मला टप्पे मारत होता. गल्लीतली धुरपताबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन थेट मैदानात आली.

"बसवंता, तुमी जिंकायलाव म्हणून आमचा टँकर माघारी गेला म्हणं. खरं हाय का?"

बसवंतने मान खाली घातली. "हाव, मावशी."

"मग हरा की रं एकदा! लेकरं तहानली हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसवंत मला काखेत मारून तारघरात गेला. 'पाणी भरपूर. जरूर या,' अशी तार त्याने पाहुण्यांना केली, खाली स्वतःचं नाव घातलं. पाहुणे निघाल्याची उलट तार आली, तशी साहेबरावांची पाचावर धारण बसली. नव्या जिल्ह्याची अब्रू होती ना! धावतपळत टँकर परत बोलावला गेला. आधी गल्लीने घागरी भरल्या, उरलेल्यात पाहुणे न्हाले.

सामना काय झाला म्हणता! बसवंतला हरायला सांगितलं होतं, पण तो जीव तोडून खेळला. त्याच्या हातून मी सतरा वेळा कड्यातून गेलो. तरी एकावन्न-त्रेपन्नने हरलो. बाद फेरी गेली, बसवंतचा पगारही गेला. साहेबरावांनी वार्षिक अहवालात लिहिलं, 'पाण्याची सोय झाल्यामुळे संघाची कामगिरी ढासळली.'

आता मी संघाच्या कचेरीत काचेमागे आहे. माझी शिवण उसवलीय. समोर पाटी आहे, 'सलग पाच विजयांचा साक्षीदार'. त्या पाचांपैकी एकातही मला कुणी हात लावला नव्हता हो! बाबांनो, ती पाटी वाचून मला हात जोडू नका. आमचा खरा खेळ कसा होता ते धुरपताबाईला विचारा. ती सामना अर्धाच बघू शकली, कारण त्या दिवशी तिने सात घागरी भरल्या.