फ्रिजमधली किल्ली

आवाज दिसत नाही, हेच त्याचं दुर्दैव. कॅमेऱ्यासमोर कुणाची सावली पडली तर सहा माणसं एकदम ओरडतात. माझ्या हेडफोनमध्ये शेजारच्यांचा मिक्सर किंचाळत असला, तरी डायरेक्टर माझ्याकडे बघून गोड हसतो आणि म्हणतो, "नंतर बघू." सात महिने दर रविवारी मी हे ऐकतोय. नंतर कोण बघणार? मीच.

आमचा सिनेमा रविवारचा. सोमवार ते शनिवार डायरेक्टर शाळेत गणित शिकवतो, कॅमेरामन पासपोर्टचे फोटो काढतो, हिरॉईन दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि मी कानाच्या मशिनच्या दुकानात लोकांचे कान तपासतो. सगळे मिळून घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतो. शूटिंग डायरेक्टरच्या आईच्या घरात. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. काकू एकट्या राहतात. आमच्यासाठी त्यांनी सोफा हलवला, पडदे काढले, भिंत निळी रंगवू दिली. एवढं तर माझ्या सख्ख्या आईनेही केलं नसतं.

अट एकच होती, तीही काकूंची नाही, डायरेक्टरच्या मोठ्या बहिणीची. ताईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला ओळीत उभं करून बजावलं होतं, "आईचं हाडांचं इंजेक्शन फ्रिजमध्ये असतं. ते कायम थंड राहायला हवं. त्याला काही झालं, तर त्या दिवशी तुमचा सिनेमा बंद."

आणि तो फ्रिज कसला, दम्याचा पेशंट! चालू असला की घरघर, बंद होताना उचकी. त्याच्या शेजारी प्रेमाचा संवाद रेकॉर्ड करून दाखवावा कुणीतरी. म्हणून सीनपुरता तासभर मी तो बंद करायचो. तेवढ्याने औषधाला काही होत नाही, दार मात्र उघडायचं नाही. पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, आणि आत अंधार दिसला की आठवतं. सात महिन्यांत एकदाही चुकलो नव्हतो. हे सगळं ताईंच्या कानावर घालू या, असं मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो. डायरेक्टर म्हणाला, "नंतर सांगू."

त्या रविवारी सीन साधा होता. हिरॉईन खिडकीशी बसून चिठ्ठी वाचते आणि एक वाक्य बोलते. एकच. पहिल्या टेकला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. दुसऱ्याला कॅमेरामनच्या पोटात गुरगुरलं. तिसऱ्याला बांगड्या वाजल्या. आधी दोनदा सांगूनही तिने त्या काढल्या नव्हत्या. चौथा टेक असा सुंदर चालला होता की मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि फोन वाजला. डायरेक्टरचा. 'सगळ्यांनी फोन बंद करा' म्हणून घसा कोरडा करणाऱ्याचाच.

"जाऊ दे रे," तो म्हणाला, "हे वाक्य डबिंगला घेऊ."

माझं डोकंच सटकलं. "डबिंगच करायचं होतं तर सात महिने मी हा माइकचा बांबू कशाला धरला? खांदा उतरवून घ्यायला?" त्याने मला हेकट म्हटलं, मी त्याला बहिरा म्हटलं. सामान भरेपर्यंत आणि दारात चपला घालेपर्यंत आमचं चालूच होतं. तेवढ्यात काकूंनी मागून येऊन माझ्या हातात किल्ली ठेवली.

"दूध ठेवायला गेले तर आत ही! खुशाल भांडा, पण आपल्या वस्तू तरी सांभाळा."

मी किल्ली घेतली, जिना उतरता उतरता डायरेक्टरला आणखी दोन शब्द सुनावले आणि घरी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात त्याचा फोन आला. "फ्रिज रात्रभर बंद होता. सगळीकडे पाणी. औषध वाया गेलं. ताई आलीये."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मी येतो. मी सांगतो त्यांना."

"अजिबात येऊ नकोस! आईने सांभाळून घेतलंय. म्हणाली, मीच पुसायला बंद केला आणि विसरले. एकच रविवार राहिलाय रे. गप्प बस."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तरी काकूंची माफी मागायला म्हणून संध्याकाळी गेलो. बघतो तर ताई कपाट उघडून काकूंचे कपडे बॅगेत भरत होत्या.

"महिनाभराचं औषध स्वतःच्या हाताने घालवलंन," त्या कुणाकडेही न बघता बोलत होत्या. "आज फ्रिज विसरली, उद्या गॅस विसरेल. आता तिला एकटं ठेवायचं नाही. माझ्याकडे चल म्हटलं की चल."

काकू सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. बोलू नकोस. डायरेक्टर खिडकीबाहेर असा बघत होता, जणू तिथे पुढचा शॉट लागलाय.

"ताई, फ्रिज मी बंद केला होता," मी म्हणालो. मग किल्लीची सगळी गोष्ट सांगितली. "काकू काही विसरल्या नाहीत. मी विसरलो."

ताई बॅग मांडीवर घेऊन खाली बसल्या. मग भावाकडे वळल्या. "आईचं डोकं चालेनासं झालं असं मी दुपारपासून समजतेय. तुला खरं माहीत होतं, आणि तू खिडकी बघत होतास?"

तो कसाबसा म्हणाला, "बंद करतो सिनेमा."

"बंद कसला करतोस!" काकू कडाडल्या. त्यांचा आवाज एवढा चढतो हे मला ठाऊकच नव्हतं. "सात महिने माझ्या घरात माझाच फ्रिज बंद करताय. ती किल्ली आत का असते, हे एकाला तरी मला सांगावंसं वाटलं? आणि तू रे, बांगडी वाजलेली तुला ऐकू येते. मी दर रविवारी आतल्या खोलीत खोकलासुद्धा दाबून बसते, ते आलं कधी ऐकू?"

कान तपासणं माझा धंदा. मी फक्त "चुकलो, काकू" म्हणालो, आणि ते फार कमी पडलं.

"शेवटचा रविवार होऊ दे," काकू म्हणाल्या. "पण मी बाहेर बसणार. आणि फ्रिज मी बंद करणार."

"मीही येणार," ताई म्हणाल्या. बॅगेतले कपडे त्यांनी परत कपाटात ठेवले, पण बॅग मात्र दारापाशीच राहिली.

नवं औषध शुक्रवारी आलं. रविवारी काकूंनी स्वतः बटण बंद केलं, माझी किल्ली मागून घेतली, आत ठेवली आणि ताईंशेजारी स्टुलावर बसल्या. वरचं ड्रिल गप्प होतं. बांगड्या टेबलावर होत्या. ते वाक्य दुसऱ्याच टेकला मिळालं, लख्ख.

हेडफोन काढून मी धावत जाऊन फ्रिज उघडला. अंधारात औषधाच्या डब्याशेजारी माझी किल्ली होती. तिच्याशेजारी काकूंचा चष्मा.

काकू भिंत चाचपत माझ्या मागे आल्या होत्या. "आधी बटण," त्या म्हणाल्या. मी बटण दाबलं, फ्रिज घरघरायला लागला. मग त्या मागे वळून ठणकावून म्हणाल्या, "चष्म्यावाचून माझं पान हलत नाही. मी विसरणार नव्हते, कळलं?"

ताईंना म्हणाल्या, पण बघत होत्या कॅमेरामनकडे. ताई उठल्या, फ्रिजमधून चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि आईच्या नाकावर नीट बसवला. मग दारापाशी गेल्या आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकली.